उठू न देणारा डाव

२० जुलै २०२५ रोजी लातुरात सुनील तटकरे यांच्या समोरच्या टेबलावर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते भिरकावले. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ तेव्हा नुकताच फिरू लागला होता. पत्ते टाकणाऱ्यांना मारहाण झाली, राष्ट्रवादीच्या युवक प्रदेशाध्यक्षांना पद सोडावं लागलं आणि महिनाअखेरीस कोकाटे यांचं खातं बदललं. मिळालं काय, तर क्रीडा.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो कोकाटे यांचा खुलासा. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम बंद करत होतो, असं ते म्हणाले. तो खरा की खोटा हे बाजूला ठेवू. बचाव म्हणून न वाचता समीक्षा म्हणून वाचला, तर या खेळांबद्दल इतकं नेमकं वाक्य त्या महिन्यात दुसऱ्या कुणी बोललं नाही. तक्रार अशी, की खेळ बंद होत नाही.

आमच्याकडे पत्ते नवे नाहीत. तिर्रटच्या अड्ड्यावर धाड पडल्याची बातमी नांदेड-लातूरच्या पेपरात आठवड्याला असतेच. माझ्या लहानपणी पारावर रमी चाले, पैसे लावूनही चाले, आणि त्यात घरं बुडालेली मी पाहिली आहेत. त्या पाराचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तिथला डाव मोडायचा. कुणाची म्हातारी कंदील घेऊन यायची, कुणाच्या म्हशीची धार राहिलेली असायची. एक जण उठला की बाकीचेही पाय मोकळे करत. समोरच्याचा पडलेला चेहरा दिसायचा, तेव्हा जिंकणाराच कधी कधी म्हणायचा, “बस झालं आता.” ॲपमध्ये हे म्हणणारं कुणी नाही. एक उठला तर काही सेकंदांत दुसरा अनोळखी माणूस त्याच्या जागी बसतो. अड्डेवाला नाल काढायचा, तशी कंपनीही प्रत्येक डावातून आपला वाटा काढायची. कोण जिंकतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. कुणी उठू नये एवढंच हवं होतं.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं, आणि या कंपन्या पुढे त्याच आधारावर उभ्या राहिल्या. पण ते पत्ते माणसांनी हाताने पिसलेले होते. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मला ती योग्य वाटते. पण कायद्याची रेघ पैशांवरून जाते, आणि ती रेघ मला पुरत नाही.

कारण तिच्या अलीकडे बीजीएमआय आहे. पब्जीवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, २०२१मध्ये तोच खेळ नवं नाव घेऊन आला, पुढच्या वर्षी गायब झाला आणि मे २०२३मध्ये परतला. भारतासाठी रक्त हिरवं झालं, ‘मारलं’ऐवजी ‘फिनिश’ आलं, अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. नैतिकता म्हणजे रक्ताचा रंग, असा आपला समज दिसतो.

माझा पुतण्या नांदेडला श्यामनगरात खोली करून राहतो. रिपीटर आहे, म्हणजे नीट दुसऱ्यांदा देतोय. लातूर असो की नांदेड, या वस्त्यांत चौकाचौकांत गुणांसकट फोटोंचे फलक आहेत. खेळातली रँकिंगची यादी फार वेगळी दिसत नाही. तो फार खेळतो असं वहिनी म्हणाली, म्हणून रागवायला गेलो आणि शेजारी बसून बघत राहिलो. शंभर जण एकाच विमानातून रिकाम्या हाताने उतरतात. कुणाच्या बापाने शेत विकलंय, कुणाची दुसरी खेप आहे, याची तिथे नोंद नाही. अर्ध्या तासात निकाल लागतो आणि हरलेला लगेच पुन्हा उतरू शकतो. नीटला २०२४मध्ये २३ लाखांवर मुलं बसली होती, आणि पुढचा डाव वर्षाने. खेळाची ओढ कशाची आहे ते मला तिथे कळलं.

अर्थात कंपनीही खुळी नाही. पैसे टाकून उघडायच्या पेट्या आहेत, रोज हजेरी लावल्याचं बक्षीस आहे आणि ठरावीक काळाने सीझन बदलला की चढलेली पायरी खाली घसरते. हे मी जरा रागानेच बोललो, तर पोरगं मान वर न करता म्हणालं, “काका, आमचंबी सीझन रिसेटच झालंय की.”

मी गप्प बसलो. साडेआठला मेसचा डबा आला. तोवर त्यांचा डाव संपला होता. हेडफोन बाजूला ठेवताना त्यातून आवाज आला, लोह्याहून त्याच्या शाळेतला दोस्त विचारत होता, “जेवलास का रे?”