काळी एक, काळी तीन

आमच्या शाळेत प्रार्थनेला पेटी नसायची. उल्हासनगर, कँप नंबर चार, विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. पटांगणात तीनेकशे मुलं, निम्मी सिंधी घरांतली, निम्मी मराठी. एक बाई पहिला शब्द उचलायच्या आणि आम्ही आपापल्या पट्टीत त्यांच्यामागे धावायचो. प्रार्थना 'गुड्डी' चित्रपटातली. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला ती वेगळी सांगावी लागत नाही. गुलजारांचे शब्द, वसंत देसाईंची चाल, वाणी जयराम यांचा आवाज, साल १९७१. पडद्यावर ही प्रार्थना चालू असताना नायिका शाळेत उशिरा पोचते. आमच्याकडेही गाडी चुकलेल्या मुली गेटबाहेर उभ्या राहून तिथूनच गायच्या.

सुरुवात सगळे पुटपुटतच करायचे. मग चाल एकदम वर उडी घ्यायची आणि त्या उडीला पटांगण जागं व्हायचं. मागच्या रांगेतली मस्तीखोर मुलंसुद्धा तेवढी उडी बरोबर घ्यायची. ती सा-म आहे, षड्जावरून थेट मध्यमावर, मधले रिषभ-गंधार वाटेत न घेता, हे मला कळायला पुढे तीस वर्षं लागली.

अंबरनाथला गाणं शिकायला लागले तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. माझ्याबरोबर शिकायला सहावी-सातवीतल्या मुली. बाई पेटीवर दोन पट्ट्या दाबायच्या आणि विचारायच्या, "बोला, कुठून कुठे?" मुली पटापट सांगायच्या, मी बोटं मोजायची. त्यावर बाईंकडे तोडगा होता. राष्ट्रगीताचे पहिले तीन सूर म्हणजे सा रे ग. 'ट्विंकल ट्विंकल' म्हणजे सा सा प प, म्हणून षड्ज-पंचम विसरायचा नाही. आणि सा-मसाठी? "अगं, शाळेत काय म्हणायचीस रोज?" मी गुणगुणले, ती उडी आली आणि मला अंगावर शाळेचा निळा पिनो असल्यासारखं वाटलं.

या खुणेच्या जोरावर मी परीक्षेला गेले. परीक्षकांनी दोन सूर गायले. मी मनात प्रार्थना लावून पाहिली, चपखल बसली. "सा-म," मी म्हणाले. "प-सां," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं. मला तो अन्यायच वाटला.

बाईंकडे तक्रार घेऊन गेले तेव्हा त्या हसल्या नाहीत. इलेक्ट्रॉनिक तंबोरा त्यांनी काळी एकला लावला आणि पेटीवर काळी एक व काळी तीन अशा दोन पट्ट्या एकामागून एक वाजवल्या. मधल्या चार पट्ट्या सुटतात. सा-म, माझी प्रार्थना. मग पेटीवरची बोटं तशीच ठेवून त्यांनी डाव्या हातानं तंबोऱ्याचं बटण फिरवून तो काळी तीनला नेला. पुन्हा त्याच दोन पट्ट्या. या वेळी काळी तीनवर काहीतरी मिटलं, दार लावून कडी घातल्यासारखं. प-सा. अंतर तसूभरही बदललं नव्हतं. बदललं होतं ते घर.

गणिताला दोन्ही एकच आहेत. षड्जाची २४० कंपनं धरली तर मध्यम ३२० वर, म्हणजे तीनास चार. पंचम ३६० आणि तारषड्ज ४८०, तेही तीनास चारच. चार तारांच्या तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची असते, दुसरी जोडाची. म्हणजे तंबोरा छेडणारं बोट प्रत्येक फेरीत हेच अंतर चढतं. तेच अंतर कानात घेऊन मी दोन वर्षं बसले होते आणि परीक्षेत मला ते ओळखता आलं नव्हतं.

पेटीवर शिकताना आणखी एक गोम लक्षात येते. एका अर्ध्या सुराचे १०० भाग पाडले, तर पेटीचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा असतो. खर्जाची तार शांतपणे ऐकली की तिच्या आतून गंधार आपोआप उमटतो आणि पेटीचा गंधार त्याच्याशी भांडतो. मध्यमात मात्र फरक जेमतेम दोन भागांचा, म्हणजे सा-म पेटीवर शिकलं तरी कान बिघडत नाही. गंमत अशी की हा मध्यम तंबोऱ्यातून उमटत नाही. षड्जाच्या तारेत पंचम आहे, गंधार आहे. पंचमाच्या तारेत रिषभ आहे, निषाद आहे. मध्यम शोधून सापडत नाही. तो गाणाऱ्यानंच आणून ठेवायचा असतो.

तेव्हापासून ती प्रार्थना मी वेगळ्या कानानं ऐकते. वसंत देसाईंनी ती केदारात बांधली आणि केदारचा सगळा संसार या मध्यमावर उभा आहे. वादी मध्यम, संवादी षड्ज. गायक 'सा' म्हणतो आणि 'म'वर जाऊन असा टेकतो की क्षणभर वाटावं, हाच षड्ज. बाईंनी बटण फिरवून जे केलं, ते चांगला गवई बटणाशिवाय करतो. आपण त्या नव्या घरात स्थिरावतो न स्थिरावतो तोच पंचम येतो, तीव्र मध्यम डोकावतो आणि जुना षड्ज पायाखाली आहेच याची आठवण होते. गंधार तर केदारात असून नसल्यासारखा, मध्यमाच्या पदराआड. 'म ग प' म्हणताना तो नुसता हात लावून जातो.

असा वळणावळणाचा राग शाळेतल्या मुलांच्या तोंडी द्यायला धाडस लागतं. देसाईंनी त्याचा कणा ठेवला आणि अवघड नक्षी बाजूला काढली. 'दो आँखें बारह हाथ'मधली १९५७ सालची प्रार्थनाही त्यांचीच आणि तीही शाळांनी उचलली. पुष्कळ माणसांनी एकत्र गायचं तर चालीत कुठे हात धरायला कठडा हवा, हे ते जाणून होते. 'गुड्डी'च्या चालीत तो कठडा म्हणजे मध्यम. कोणी कमी पडो, कोणी चढो, तीनशे मुलं तिथे एका जागी येतात. शिवाय प्रार्थना काहीतरी मागते आहे आणि षड्जावरून पाहिलेला मध्यम मला तसाच वाटतो, पुढे केलेल्या हातासारखा. त्याच जागी देसाईंनी प-सा ऐकू येईल अशी रचना केली असती, तर मागणं पहिल्याच ओळीत मिळाल्यासारखं झालं असतं. वाणी जयराम तो मध्यम फार सरळ लावतात, कंप नाही, लाडिक वळण नाही. त्या ध्वनिमुद्रिकेत मला सर्वांत जास्त आवडते ती ही गोष्ट.

केदार रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. आम्ही तो सकाळी सात वाजता, डोळ्यांत झोप घेऊन गायचो. कुणा खाँसाहेबांनी कानांवर हात ठेवले असते. आणि केदार हे नाव शंकराचं. उल्हासनगरच्या पुढचंच स्टेशन अंबरनाथ, तिथलं शंकराचं देऊळ शिलालेखाप्रमाणे १०६० सालचं. याचा स्वरांतराशी काही संबंध नाही, पण क्लासला जाताना देवळाकडे जाणारी रिक्षा दिसली की मला हटकून सा-म आठवतो.

आता सूर ओळखण्याचा रियाज बहुतेक गाडीतच होतो. कारखान्याचा भोंगा काही कामाचा नाही, तो कुठल्याच सुरावर न थांबता घसरत वर जातो. भजनी मंडळं मात्र छान. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये टाळ निघतात, कुणीतरी हवेतूनच षड्ज काढतो आणि बाकीचे त्यात मिसळतात. पेटी नाही, तंबोरा नाही, पट्टी काळी दोन आणि पांढरी तीन यांच्यामध्ये कुठेतरी. पहिल्या ओळीपर्यंत मी काही ठरवत नाही. त्यांचं घर कुठे आहे हे आधी कळू देते.

परवा संध्याकाळी गर्दी नको म्हणून उलट दिशेची गाडी धरली होती. उल्हासनगरच्या पुढे शेजारच्या रुळावरून डाऊन गाडी आली, तिच्यातही भजन. खिडकीला खिडकी आली तेव्हा टाळ थांबले होते आणि एक म्हातारा आवाज नवा अभंग उचलत होता. दोन सूर स्पष्ट ऐकू आले, खालून वर, मधल्या चार पट्ट्या सोडून. सा-म असेल, प-सा असेल. तिसरा सूर बदलापूरकडे निघून गेला.