फोटोखालची ओळ

रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाचा विद्युतीकरणाआधी काढलेला फोटो आता पुन्हा काढता येणार नाही. चौसष्ट मीटर उंचीचा पूल जागेवर आहे, दरी तशीच आहे, गाड्याही धावतात. पण २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि पुलाच्या माथ्यावरचं मोकळं आकाश खांब-तारांनी अडलं. डिझेल इंजिनामागून मोकळ्या पुलावर निघालेली गाडी आता जुन्या फोटोंतच पाहायची. त्यांतले बहुतेक फोटो हौशी लोकांनी सुट्टीच्या दिवशी, पदरचे पैसे खर्चून काढलेले आहेत.

ठिकाणं, इमारती आणि वाहनं यांचे फोटो इंटरनेटवर रोज ढिगाने येतात, पण या तिन्ही शाखांचा दर्जा सारखा नाही. माझ्या मते वाहनांचे फोटो काढणारे आज सर्वांत पुढे आहेत. महागडा कॅमेरा हे त्याचं कारण नव्हे. ते फोटोखाली काय लिहितात, हे आहे.

भोर घाटाचंच बघा. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना सदतीसास एक असा चढ लागतो आणि गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. मंकी हिल किंवा ठाकूरवाडीच्या परिसरातल्या चांगल्या फोटोत वळणावरचं पुढचं इंजिन आणि मागून रेटणारे बँकर एकाच चौकटीत येतात. खाली गाडीचं नाव, इंजिनाचा वर्ग आणि क्रमांक, ते कल्याण शेडचं की अजनीचं, तारीख, जागा हे सगळं असतं. नेहमीच्या इंजिनाऐवजी दुसरंच आलं असेल तर ‘ऑफलिंक’ अशी नोंदही असते. मुंबई परिसरातला पंधराशे व्होल्टचा डीसी प्रवाह २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने गेला आणि केवळ त्याच्यावर चालणाऱ्या इंजिनांचं कामही संपलं. त्यांच्या शेवटच्या वर्षांचा अभ्यास करायला कोणी बसलं, तर हौशी लोकांच्या या ओळीच त्याच्या कामी येतील.

एसटीप्रेमीही तसेच काटेकोर. लाल डब्याच्या नंबरात ‘एमएच १४’ दिसलं की ते दापोडीची बांधणी ओळखतात, ‘एमएच २०’ वरून चिकलठाण्याची, ‘एमएच ४०’ वरून नागपूरची. खिडक्यांची ठेवण, ॲल्युमिनियमची बॉडी की पोलादी, आगार कोणतं, हे सगळं ते टिपतात. हे रसग्रहणच आहे. जाणकार श्रोता घराणं ओळखतो त्या तोडीचं.

तरीही या शाखेत उणिवा आहेत, आणि त्या मला सलतात. पहिली म्हणजे माणसं गायब आहेत. बँकर जोडणारा कर्मचारी, घाटातला गँगमन, घंटीची दोरी ओढणारा कंडक्टर क्वचितच दिसतो. दुसरी म्हणजे उभी चौकट. चोवीस डब्यांची गाडी मोबाइलच्या उभ्या पडद्यात कोंबली की उरतं फक्त इंजिनाचं तोंड. वळण, डब्यांची रांग, डोंगर सगळं कापलं जातं. तिसरी अधिक गंभीर आहे. वेगाचा थरार दाखवण्यासाठी तरुण मुलं रुळांच्या अगदी जवळ उभी राहतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीव जातो. अशा फोटोला दाद देणारेही त्या धोक्यात वाटेकरी होतात.

इमारतींच्या शाखेत दोन टोकं आहेत. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला; त्यातल्या आर्ट डेको इमारतींची नोंद ‘आर्ट डेको मुंबई’ या संस्थेने नेटकेपणाने इंटरनेटवर ठेवली आहे. उलट गावोगावच्या चौसोपी वाड्यांचे फोटो ‘जुनं ते सोनं’ एवढ्याच ओळीवर फिरतात. गाव कोणतं, वाडा कोणाचा, आज उभा आहे की पडला, काही कळत नाही.

ठिकाणांच्या फोटोंबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. कोकणकडा, कास, पावसाळी धबधबे: तोच कोन, तेच ड्रोन, तोच भडक हिरवा रंग. बघणाराही ‘अप्रतिम’ लिहून पुढे सरकतो. दाद म्हणजे विचारणा हवी, दुरुस्ती हवी. ‘हे इंजिन कल्याणचं नाही’ असं सांगणारा मला शंभर अंगठ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

हे तातडीने सांगण्याचं कारण आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी वाहनांची नोंदणी वाढवली जात नाही आणि हा नियम एसटीलाही लागू आहे. त्याच वर्षी मुंबईतून डिझेलची डबलडेकर आणि पद्मिनी टॅक्सी गेली. तुमच्या आगारातला जुना लाल डबा अजून धावत असेल तर या महिन्यातच त्याचा फोटो काढा, आडवा काढा, चालक-वाहकांना विचारून त्यांनाही त्यात घ्या. खाली नंबर, आगार, मार्ग आणि तारीख लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.