मिरवणुकीचीही समीक्षा झाली पाहिजे

आपण पुस्तकांची चिरफाड करतो, मिरवणुकीची करत नाही. का? तीही आपलीच निर्मिती आहे, रस्त्यावर मांडलेली.

पाचोऱ्यात बुद्धपौर्णिमेला मी मिरवणुकीत असतो. पुढं निळे आणि पंचरंगी झेंडे, पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, ट्रॅक्टरवर बुद्धमूर्ती. आणि मागं भिंतीएवढा डीजे.

आपले काही शहाणे म्हणतात, मिरवणूक म्हणजे हिंदूंची नक्कल, बंदच करा. मला हे पटत नाही. अजिंठा इथून लांब नाही. दहाव्या लेण्यातलं जुनं चित्र बघा. राजा लवाजम्यासह बोधिवृक्षाच्या पूजेला आलाय, सोबत वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या बाया. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान पाटलीपुत्रात होता. त्यानं तिथल्या वार्षिक रथयात्रेचं वर्णन केलंय: चार चाकांचे, बांबू बांधून पाच मजले चढवलेले वीसेक रथ, रात्रभर दिवे, गाणंबजावणं. तेव्हा रंग आणि वाद्यं आपण कुणाकडून उसनी आणलेली नाहीत.

पण फाहियान रथापाशी थांबत नाही. लगेच पुढं तो त्या शहरातल्या दवाखान्यांबद्दल लिहितो. गरीब, अनाथ, अपंग, रोगी तिथं जायचे. अन्न-औषध मिळायचं, बरे होऊन परतायचे. माझी कसोटी हीच आहे. रथ गेल्यावर मागं काय उरलं?

अशोक चौथ्या शिलालेखात सांगतो की भेरीघोषाचा धम्मघोष झाला. आपण नेमकं उलटं करून बसलोय. डीजेपुढं पोरं झिंगून नाचतात, बाया लेकरं घेऊन कडेला सरकतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती ट्रॅक्टरच्या चाकाखाली जाते, अन्‌ आपण ‘जय भीम’ म्हणत पुढं चालतो. वामनदादा कर्डक गावोगाव गायले. त्यांचा शब्द म्हातारीलाही कळायचा. डीजेत तर बुद्धवंदनासुद्धा ऐकू येत नाही.

वर्गणी मीही दिलीय, म्हणून हे बोलतोय. मिरवणूक निघू द्या, दणक्यात निघू द्या. फक्त एक करा. डीजेचं भाडं किती अन्‌ विहारातल्या पुस्तकांवर वर्षभरात खर्च किती, हे दोन आकडे एका फलकावर लिहा. तो फलक झेंड्याच्याही पुढं धरा. तो धरायला लाज वाटली, तर समीक्षा झाली समजा.