उत्तिरमेरूरचा शिलालेख : वाचन आणि अतिवाचन

कांचीपुरमपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या उत्तिरमेरूर या गावी जाणारा प्रवासी भव्य शिल्पवैभवाच्या अपेक्षेने गेला, तर वैकुंठ पेरुमाळ मंदिरात त्याची काहीशी निराशा होते. मंदिर आकाराने लहान आहे. त्याचे खरे धन मंडपाच्या दगडी भिंतींवर कोरलेल्या अक्षरांत आहे. चोळ राजा परांतक पहिला याच्या कारकिर्दीतील इ. स. ९१९ आणि ९२१ मधील दोन लेख येथे आहेत. ग्रामसभेच्या समित्या, म्हणजे ‘वारियम्’, कशा नेमाव्यात याचे नियम त्यांत दिले आहेत. मजकूर तमिळ असून संस्कृत शब्दांसाठी ग्रंथ लिपी वापरली आहे.

या लेखांची कीर्ती मोठी आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत टी. प्रकाशम यांनी त्यांचा दाखला दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये नव्या संसद भवनाच्या पायाभरणीप्रसंगी पंतप्रधानांच्या भाषणातही त्यांचा उल्लेख झाला. प्रवासी पुस्तिकांतून तर ‘हजार वर्षांपूर्वीचे मतदान’ हे वर्णन रूढच झाले आहे. मडके म्हणजे मतपेटी आणि ताडपत्र म्हणजे मतपत्रिका, असे समीकरण त्यामागे आहे. ते आकर्षक आहे, परंतु मूळ लेखाच्या कसोटीवर टिकत नाही.

‘कुडवोलै’ या पद्धतीचे तपशील पाहावेत. गावाचे ३० ‘कुडुंबु’ म्हणजे विभाग होते. प्रत्येक विभागातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रावर लिहून ती मडक्यात टाकली जात. पुजाऱ्यांपैकी सर्वांत वृद्ध व्यक्तीने मडके सर्वांना दिसेल असे उचलून धरावयाचे आणि आतील मजकुराची कल्पना नसलेल्या लहान मुलाने एक चिठ्ठी काढावयाची. मध्यस्थाने ती पाचही बोटे पसरलेल्या तळहातावर घ्यावयाची आणि मोठ्याने वाचावयाची. नंतर उपस्थित पुजाऱ्यांनीही तेच नाव वाचावयाचे. यात कोणीही कोणाला मत देत नाही. ही निवडणूक नसून चिठ्ठ्या टाकून केलेली नेमणूक आहे. निवडलेल्या ३० जणांपैकी १२ संवत्सर वारियमात, १२ उद्यान वारियमात आणि ६ तलाव वारियमात जात.

मग या लेखाचे मोल कमी होते काय? उलट, ‘मतदान’ हा शब्द बाजूला ठेवल्यावरच ते नीट दिसू लागते. मुलाचे अज्ञान, पसरलेली बोटे आणि दुहेरी वाचन या सर्वांच्या मुळाशी सत्ता हाताळणाऱ्यांविषयीचा सावध अविश्वास आहे. गेल्या तीन वर्षांत समितीवर राहिलेल्यास पुन्हा संधी नाही. ज्याने पूर्वी समितीवर राहून हिशेब दिला नाही, तो अपात्र. इतकेच नव्हे, तर त्याचे नातलगही अपात्र. ९२१ च्या लेखातील ही नातलगांची यादी मुळातून अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या इंग्रजी भाषांतरात वाक्येच्या वाक्ये खर्ची पडतात. मराठी वाचकाला मात्र मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मामा, काका, सासरा, मेहुणा, भाचा, जावई असे एकेका शब्दात सारे उमगते. हिशेब बुडविणारा माणूस एकटा नसतो, त्याच्यामागे गोतावळा असतो, हे त्या सभेने जाणले होते. पहिला लेख आटोपशीर आहे आणि अवघ्या दोन वर्षांत अधिक काटेकोर असा दुसरा लेख कोरावा लागला, हेही बोलके आहे. पात्रतेचे वय पूर्वी ३० ते ६० होते, ते ३५ ते ७० करण्यात आले.

तथापि हा सावधपणा कोणाच्या वर्तुळातील होता, हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तिरमेरूर हे ब्रह्मदेय गाव होते. पाव वेलिहून अधिक करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर बांधलेले घर आणि मंत्र-ब्राह्मणांचे ज्ञान या अटी होत्या. एक वेद आणि एक भाष्य जाणणाऱ्यास जमिनीची अट शिथिल होऊन अष्टमांश वेलिवर येई. विद्येने जमिनीची उणीव भरून निघे, पण वेदविद्येची अट कोणालाच माफ नव्हती. शेतात राबणारा, कारागीर आणि स्त्री यांची नावे ताडपत्रापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. गौरवपर लेखनात या ओळी सहसा गाळल्या जातात. त्यांना वगळून केलेले वाचन हे वाचन नव्हे, ते अतिवाचन होय.

प्रकाशम बोलले त्याच महिन्यात, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या आदर्शीकरणावर संविधान सभेतच कठोर टीका केली होती. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सभाशास्त्राच्या भारतीय परंपरेचा दाखला देताना त्यांनी बौद्ध भिक्षुसंघाकडे बोट दाखविले. ही निवड सहेतुक होती, असे मानण्यास आधार आहे. प्रवेशाची अट जन्माने ठरत नाही अशा संस्थेकडे ते वळले.

नीलकंठ शास्त्री यांनी १९३२ साली चोळ इतिहास व प्रशासनावरील आपल्या ग्रंथात या लेखांची सविस्तर चर्चा केली. ती वाचून गेलेल्या अभ्यासकाने मंडपापाशीच थांबू नये. ज्या तलावासाठी ६ माणसांची समिती नेमली जाई, त्या वैरमेघ तटाकाचे नाव याच गावातील लेखांत येते. पाणी कोणाच्या शेताला आधी जाई, गाळ कोणाचे हात उपसत, हे प्रश्न भिंतीसमोर उभे राहून सुचत नाहीत. ते तलावाच्या बांधावर सुचतात.