‘प्राधिकृत’ खर्चाचा अर्थ

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७व्या कलमाचा सारा भार एका शब्दावर आहे. उमेदवाराने वा त्याच्या प्रतिनिधीने केलेल्या किंवा ‘प्राधिकृत’ केलेल्या खर्चाचाच हिशेब ते मागते. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भित संमतीही या शब्दाच्या कक्षेत आणली. पक्षाच्या खर्चाचा जाणूनबुजून लाभ घेणाऱ्यास तो खर्च परका म्हणता येईना. हा अन्वय शब्दार्थाला धरूनच होता. शासनाने मात्र त्याच वर्षी वटहुकुमाने ‘स्पष्टीकरण’ जोडले: पक्षाचा खर्च उमेदवाराचा समजू नये. वस्तुतः हा अपवाद होय. नाव तेवढे सौम्य. २००३ साली ही सूट पुढाऱ्यांच्या प्रवासखर्चापुरती आवळली गेली. तथापि पक्षाच्या एकूण खर्चावर २०२४च्या लोकसभा निवडणुकीतही मर्यादा नव्हती. मोठ्या राज्यांतील ९५ लाखांची मर्यादा एकट्या उमेदवारासाठी होती.