दुय्यम भूमिकांचे सत्ताकारण : 'अर्धसत्य'च्या निमित्ताने

गुन्हेगारी जगावरील चित्रपटांतील दुय्यम भूमिकांचा विचार आपल्या चित्रपटसमीक्षेत बहुधा 'उत्तम साथ दिली' एवढ्या शेऱ्यात आटोपतो. पारितोषिकांच्या परिभाषेतील 'सहाय्यक अभिनेता' ही संज्ञाही याच समजुतीला बळ देते. संस्कृत नाट्यशास्त्रात उपकथानकांसाठी पताका आणि प्रकरी या संज्ञा आहेत. तेथेही प्रासंगिक वृत्ताने आधिकारिक वृत्ताच्या फलप्राप्तीस उपकारक व्हावे, अशीच अपेक्षा आहे. गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (१९८३) या श्रेणीव्यवस्थेत बसत नाही. त्यातील दुय्यम पात्रे नायकाला साहाय्य करीत नाहीत. नायकाला जे चित्रपटभर धडपडून कळते, ते त्यांना आधीपासूनच ठाऊक असते.

श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी या चित्रपटाची पटकथा रचली. संवाद वसंत देव यांचे. फौजदार अनंत वेलणकर (ओम पुरी) हा संतापाचा धनी. हिंदी चित्रपटाने सत्तरच्या दशकात घडविलेल्या क्रुद्ध नायकाच्या पंगतीत त्याला बसविण्याचा मोह अनेकांना झाला. तो निराधार नाही, परंतु या वाचनात रामा शेट्टी हा केवळ खलनायक उरतो आणि चित्रपटाचे सूत्रच हातून निसटते.

सदाशिव अमरापूरकर यांचा रामा शेट्टी पडद्यावर येतो तो मोजक्याच प्रसंगांत. मराठी रंगभूमीवरून आलेल्या या नटाने येथे रंगभूमीचा मोठा आवाज आणि ठसठशीत हातवारे जवळजवळ पूर्णपणे बाजूला ठेवले आहेत. जळालेल्या माणसाच्या मृत्यूपूर्व जबानीत आपले नाव आल्यामुळे वेलणकर अटक करायला आला आहे, हे कळल्यावर शेट्टी धमकी देत नाही. तो फोन करतो. वरून आलेल्या आदेशानंतर वेलणकराला रिकाम्या हाती परतावे लागते. या प्रसंगातील हिंसा एखाद्या मारामारीपेक्षा अधिक खोल आहे, कारण तीत कोणीही हात उगारलेला नाही. शेट्टीच्या वागण्यात विजयाचा उन्मादही नाही. रोजचे काम उरकल्याची सहजता आहे. सत्ता ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला ती दाखवावी लागत नाही. अमरापूरकरांच्या अभिनयातील संयम हा म्हणूनच निव्वळ शैलीचा भाग नसून आशयाचा भाग आहे. छायालेखनही स्वतःच करणाऱ्या निहलानींनी या संयमाला कॅमेऱ्याच्या उसन्या भेदकतेने फुगविलेले नाही, हे दिग्दर्शकाचे श्रेय आवर्जून नोंदविले पाहिजे.

शेट्टी पुढे नगरपालिकेची निवडणूक लढवितो. ज्याला तुरुंगात टाकायचे, त्याच्याच बंदोबस्ताची वेळ वेलणकरावर येते. कोठडीतल्या मारहाणीत एक चोर दगावल्यावर तर वेलणकर संरक्षणासाठी त्याच्याच दारी जातो. शेट्टी त्याला झिडकारीत नाही. तो मदत देऊ करतो. अट एवढीच की वेलणकराने आपल्यासाठी काम करावे. अपमानापेक्षा हा स्वीकार अधिक भयंकर आहे. शेट्टीच्या लेखी वेलणकर आता शत्रू नाही, उपयोगी माणूस आहे. त्यानंतरच्या हत्येला न्याय म्हणावे, प्रायश्चित्त म्हणावे, की पुन्हा एकदा अनावर झालेला तोच हात म्हणावे, हा निवाडा चित्रपट करीत नाही. कोठडीत चोराला मारणारे हात आणि शेट्टीचा गळा आवळणारे हात एकाच माणसाचे आहेत, एवढे मात्र तो विसरू देत नाही.

अन्य पात्रे याच अर्थव्यूहाला घट्ट करतात. बडतर्फ होऊन दारूच्या आहारी गेलेला माईक लोबो (नसीरुद्दीन शहा), वरिष्ठ अधिकारी हैदर अली (शफी इनामदार) आणि निवृत्त हवालदार असलेले वडील (अमरीश पुरी) ही वेलणकराचीच तीन संभाव्य रूपे होत. त्यांपैकी हैदर अली सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. तो सज्जन आहे, सहकाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो. आणि त्याला वाचविण्यासाठी दिल्लीपर्यंत हात पोहोचलेल्या मध्यस्थाकडे नेण्याचा मार्गही तोच दाखवितो. इनामदारांनी हा सल्ला कोणत्याही अपराधभावाविना, घरगुती आपुलकीने दिला आहे. व्यवस्था टिकते ती शेट्टीसारख्यांच्या बळावर जितकी, तितकीच अशा भल्या माणसांच्या व्यवहारज्ञानावर.

ज्योत्स्ना (स्मिता पाटील) हिच्याबाबत मात्र संहिता उणी पडते. साहित्याची ही प्राध्यापिका दिलीप चित्रे यांची कविता वेलणकराच्या हाती देते. ती मोठ्याने वाचता वाचता ओम पुरींचा चेहरा गंभीर होत जातो, तो प्रसंग संस्मरणीय खराच. पण तेथेही ती ऐकणारी आहे. इतर दुय्यम पात्रांना स्वतःचे पूर्वायुष्य आहे, सोयी-गैरसोयी आहेत. हिला प्रामुख्याने मते आहेत. स्मिता पाटील यांच्यासारख्या अभिनेत्रीलाही त्या मतांना देह देणे सर्वत्र साधलेले नाही.

दुय्यम भूमिकेचे यश नटाचे किती आणि दिग्दर्शकाचे किती, हा वाद तसा न संपणारा. त्याचे एक उत्तर महेश भट्ट यांच्या 'सडक'मध्ये (१९९१) मिळते. तेथील महाराणी साकारणारे अमरापूरकरच. त्या भूमिकेने त्यांना मोठी लोकप्रियता दिली आणि त्यातील धीट शारीर अभिनय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे कॅमेरा पात्राच्या विचित्रपणावर खिळतो, क्रौर्याचा तमाशा होतो. प्रेक्षक भितो आणि सुटतो. रामा शेट्टीपासून अशी सुटका नाही, कारण तो विचित्र नाहीच.

राम गोपाल वर्मा यांच्या 'सत्या'मध्ये (१९९८) हे नाते आणखी बदलले. कुठून आला ते ठाऊक नसलेला, अबोल नायक आणि त्याच्याशेजारी घर, बायको, मुले, म्हात्रे हे आडनाव, अशा सगळ्या लवाजम्यासह उभा असलेला मनोज बाजपेयींचा भिकू. चित्रपटाचे नाव एकाचे, शहर दुसऱ्याचे. भाऊ ठाकुरदास त्याला गोळी घालतो तो ऐन आनंदसोहळ्यात, कोणत्याही नाट्यमय पूर्वसूचनेविना. त्यानंतरही कथानक सूडाच्या दिशेने पुढे सरकते, पण हसण्या-चिडण्याचा, शिव्यांचा, संसाराचा जो गलबला भिकूने पडद्यावर आणला होता तो थांबलेला असतो, आणि सौरभ शुक्ला यांच्या कल्लूमामाच्या सुन्न वावरातून ती शांतता जाणवत राहते.