प्रोसेसरवरील भाराचे मोजमाप : एका प्रचलित रीतीची चिकित्सा

विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मुंबईतील चुंबकीय नोंदी दूषित होणार, हे ओळखून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या गेल्या. मोजमापात बाहेरचे काय मिसळते याविषयीचा हा काटेकोरपणा मायक्रोकंट्रोलरवरील प्रकल्प-अहवालांत अभावानेच दिसतो. ‘प्रोसेसरवरील भार इतके टक्के’ एवढ्या एका वाक्यात बहुधा विषय संपतो.

समुद्राची पातळी नोंदविणारे एक छोटे यंत्र घेऊ. त्यात एक थ्रेड संवेदक वाचतो, दुसरा आकडा दाखवितो, तिसरा मोबाइलवरून संदेश धाडतो. इतर कोणालाच काम नसेल तेव्हा सर्वांत कमी अग्रक्रमाचा थ्रेड एक गणक वाढवीत राहतो. बाकीचे थ्रेड बंद असताना सेकंदाला किती गणना होते आणि सर्व चालू असताना किती उरते, यांवरून भार काढतात. रीत सोपी आहे आणि इंटरप्टचा वेळही तीत धरला जातो. परंतु बॅटरी वाचविण्यासाठी रिकाम्या वेळी प्रोसेसर झोपविला, की गणकही थांबतो. किनाऱ्यावरील यंत्राला तर ही झोप आवश्यकच असते.

काही जण प्रत्येक टिकच्या क्षणी कोणता थ्रेड चालू आहे ते पाहतात. ही रीत फसवी आहे. टिक दर मिलिसेकंदाला येतो आणि संवेदकाचा थ्रेड त्याच टिकवर जागा होऊन ०.६ मिलिसेकंद काम करून झोपतो, असे समजा. पाहणीच्या क्षणी प्रत्येक वेळी प्रोसेसर रिकामाच सापडेल; ६० टक्के भार शून्य दिसेल. फ्रीआरटीओएसमध्ये वेळ मोजण्यासाठी टिकपेक्षा बराच वेगवान टायमर वापरण्याची सोय असल्याने हा दोष टळतो. मात्र इंटरप्टचा वेळ त्या क्षणी चालू असलेल्या थ्रेडच्या खाती पडतो. तो थ्रेड रिकामा असेल, तर भार कमी भासतो. अर्थात, एकाच यंत्रावर दोन रीती दोन आकडे देऊ शकतात.

खरा आक्षेप सरासरीवर आहे. संदेशाचा थ्रेड वरच्या अग्रक्रमाने सेकंदात सलग ३०० मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसला, तर त्याचा भार ३० टक्केच. पण दर २० मिलिसेकंदांनी व्हावयाची सुमारे पंधरा वाचने हुकतात. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये नियतकालिक, परस्परस्वतंत्र कामांसाठी सुमारे ६९ टक्क्यांची सुरक्षित मर्यादा दिली, तीही कमी कालावधीच्या कामाला वरचा अग्रक्रम या अटीवर. येथे ती अटच मोडलेली आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले. अशा दिवशी मोबाइलचे जाळे तुटते, संदेश पुन्हापुन्हा धाडावा लागतो आणि वाचने नेमकी तेव्हाच हवी असतात. प्रयोगशाळेतील निवांत दुपारची सरासरी त्या दिवसाविषयी काहीही सांगत नाही.

रिकाम्या थ्रेडमधून बाहेर पडताना एक पिन वर करावी, परतताना खाली, आणि ऑसिलोस्कोपवर सर्वांत लांब अखंड पट्टा पाहावा, ही रीत त्या मानाने प्रामाणिक आहे. तिचा स्वतःचा खर्च मोजक्याच सूचनांचा. ईएसपी३२ सारख्या दोन गाभ्यांच्या चिपवर मात्र पिनाही दोन लागतात. तेथे ‘एकूण ५० टक्के’ याचा अर्थ एक गाभा पूर्ण गुंतलेला आणि दुसरा रिकामा, असाही असू शकतो.